ओढ्यात मासे आहेत, पण कोणते?

शेतालगतच्या ओढ्यांतील माशांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देतो. हा सल्ला उष्ण प्रदेशातल्या लहान ओढ्यांपुरता आहे, मोठ्या नद्यांचे गणित वेगळे.

प्रश्न: आमच्या ओढ्यात मासे भरपूर दिसतात. मग शेतीमुळे ओढा बिघडतो असे का म्हणता?

उत्तर: शेती वाढली म्हणून माशांची एकूण संख्या घटतेच असे नाही, कधी कधी ती वाढतेही. बदलतात त्या जाती. दगडाला धरून राहणारे, दगडांच्या फटीत अंडी घालणारे, काठावरून पडणाऱ्या किड्यांवर आणि फळांवर पोसणारे मासे आधी नाहीसे होतात. त्यांची जागा मिळेल ते खाणारे गप्पी आणि टिलापियासारखे मासे घेतात. हे दोन्ही मासे जगभर माणसानेच नेऊन सोडले आहेत. मरळ आणि मागूर हवेतला प्राणवायूही घेतात, त्यामुळे कुजक्या डोहातही ते तग धरतात. तेव्हा मरळ भरपूर मिळते म्हणून ओढा चांगला, हा हिशोब चुकतो.

तपासायचे असेल तर घोटाभर वाहत्या पाण्यातला एखादा दगड उलटा करा. खाली पोकळी असेल आणि दगडाला किड्यांची बारीक घरटी चिकटलेली असतील तर तळ जिवंत आहे. दगड चिखलात रुतलेला असेल, उचलताना गढूळ लोट उठत असेल, तर माशांची अंडी घालायची जागा बुजली आहे. पाहून झाले की दगड होता तसा ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात पाणी गढूळ होणारच. त्यात शेतीचा काय दोष?

उत्तर: पुराचा गढूळपणा मासे सोसतात. नांगरलेल्या उघड्या रानातून दर सरीला येणारी बारीक माती मात्र फटींमध्ये बसते, अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि माशांचे खाद्य असलेले किडेही मरतात. उताराला आडवी मशागत करा, जमीन आच्छादनाखाली ठेवा. जनावरांना ओढ्यावर एकाच ठिकाणी, दगड टाकलेल्या वाटेने उतरवा. सगळा काठ तुडवला गेला तर बाकीची मेहनत वाया जाते.

प्रश्न: काठावरच्या झाडांची सावली पिकावर येते. तोडली तर चालेल का?

उत्तर: नाही. माझ्या मते ओढ्याचे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. २० अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. सावली गेली की पाणी तापते. त्यात खतांचा निचरा आला की शेवाळ माजते, रात्री तेच प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकू लागतात. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात जंगल तोडून कुरणे केली, तिथे लहान ओढ्यांच्या पात्रात गवत शिरले, प्रवाह मंदावला आणि प्राणवायू घटला.

काठावर झाडांचा पट्टा किती रुंद ठेवायचा? ब्राझीलच्या २०१२ च्या कायद्यात १० मीटरपर्यंत रुंद प्रवाहाच्या दोन्ही काठांना प्रत्येकी ३० मीटर झाडी ठेवायला सांगितली आहे, पण जुन्या वहिवाटीच्या अगदी लहान शेतांना ५ मीटरपासूनची सवलत आहे. तुमची जमीन थोडी असेल तर ५ मीटरपासून सुरुवात करा, उतार जास्त तिथे पट्टा वाढवा. फार अडचण होत असेल तर फांद्या छाटा, पण खोड आणि मुळे राहू द्या. एक मात्र ध्यानात घ्या, वरच्या अंगाचा काठ बोडका असेल तर एकट्याच्या पट्ट्याने गेलेल्या जाती परतणार नाहीत. वरच्या शेजाऱ्याला सोबत घ्या.

प्रश्न: ओढ्यात एका दिवसात मासे मेले. फवारणीमुळे की आणखी कशाने?

उत्तर: कोणते मासे आधी मेले ते आठवा. मोठे मासे पहाटे मेले, लहान वाचले आणि मरळ धडधाकट असेल तर प्राणवायू कमी पडला असावा. दिवसाच्या कुठल्याही वेळी बारीक मासे, झिंगे, खेकडे आणि पाणकिडे एकदम मेले तर विषाचा संशय घ्या. अशा वेळी मेलेले मासे खाऊ नका, जनावरांनाही ते पाणी पाजू नका.

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांना अत्यंत घातक आहेत. ती मातीला चिकटतात, म्हणजे धूप झाली की गाळासोबत ओढ्यात पोचतात. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, सौम्य समजले जाते, पण त्यातले तांबे माशांना विषच. पाऊस येणार असेल किंवा वारा ओढ्याकडे वाहत असेल तर फवारणी पुढे ढकला. पंप ओढ्यात धुऊ नका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावर फवारून टाका.

प्रश्न: उन्हाळ्यात ओढ्यातून मोटरने पाणी उपसले तर माशांना धोका आहे का?

उत्तर: आहे. प्रवाह तुटल्यावर मासे डोहांतच जगतात आणि पाऊस आला की तिथूनच वरखाली पसरतात. सर्वांत खोल डोह उपसायचा नाही हे शेजाऱ्यांसोबत ठरवून घ्या आणि मोटरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. ओढा ओलांडायला वाट करून तिच्याखालून पाणी जायला पाइप टाकणार असाल तर त्याचे खालचे तोंड पाण्याच्या वर लटकू देऊ नका. हातभर उंचीची ती धारही लहान माशांना चढवत नाही.