तडजोडीने कर्ज मिटले. आता घर तारण ठेवून पैसे मिळतील का?

एकरकमी तडजोड, म्हणजे येणे रकमेपेक्षा कमी रक्कम भरून बँकेशी हिशेब मिटवणे, सगळे ज्याला ‘ओटीएस’ म्हणतात, ती करून कर्ज मिटवलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. घर स्वतःचे आहे, त्याला बाजारात चांगली किंमत आहे, पण त्यावर पैसे उभे करायला गेले की प्रत्येकाचे घोडे कुठेतरी अडते. अडण्याची कारणे बहुतेक कागदोपत्री आहेत आणि त्यातली बरीचशी दूर करता येतात.

प्रश्न : फ्लॅट तारण ठेवून घेतलेल्या व्यवसाय कर्जाची १४ महिन्यांपूर्वी तडजोड केली. १६ लाख येणे होते, साडेअकरा लाखांत मिटले. बँकेचे पत्रही आहे. आता मुलीच्या शिक्षणासाठी त्याच फ्लॅटवर कर्ज हवे आहे, पण दोन बँकांनी नकार दिला. कर्ज फेडले, मग अडचण काय? (डोंबिवली)

उत्तर : तुमच्या लेखी कर्ज फिटले. बँकेच्या लेखी साडेचार लाख सोडून द्यावे लागले. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात, पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असते, तुमच्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असणार. बँकेने आधी खाते निर्लेखित केले, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढले असेल, तर ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’ असेल आणि ते जास्त जड जाते. हे रिपोर्ट तयार करणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे, ही माहिती किमान सात वर्षे राहते.

ज्या बँकेशी तडजोड केली, तिच्याकडे पुन्हा जायचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार किमान १२ महिने थांबावे लागते (शेतीकर्जाला ही १२ महिन्यांची अट नाही, तिथला काळ बँक ठरवते). तुमची मुदत उलटली आहे, पण बँकेचे संचालक मंडळ १२ पेक्षा जास्त महिने ठरवू शकते. म्हणून तुमच्या बँकेचे धोरण किती महिन्यांचे आहे, हे शाखेत विचारून घ्या. इतर बँका स्वतःच्या निकषांवर निर्णय घेतात.

पहिले काम म्हणजे नवीन अर्ज थांबवा. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये उमटते आणि लागोपाठ चार चौकश्या दिसल्या की पाचवा अधिकारी आणखी बिचकतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण चौघांकडची नोंद सारखीच असेल असे नाही. तडजोडीची रक्कम भरल्यानंतरही ‘करंट बॅलन्स’ किंवा ‘ओव्हरड्यू’च्या रकान्यात आकडा राहिलेला पुष्कळदा सापडतो. तिथे शून्य हवे. नसेल तर ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

आता साडेचार लाखांचे. बँकेला पत्र लिहून सोडलेल्या रकमेची फोड मागा : मुद्दल किती, व्याज किती, दंडव्याज किती. त्यात मुद्दल थोडेच असेल, तर तेवढे भरून खाते ‘क्लोज्ड’ करून देता का, हे विचारा. तसे करण्याचे बंधन बँकेवर नाही, पण बऱ्याच बँका तयार होतात. मात्र ‘ही रक्कम मिळाल्यावर खाते क्लोज्ड म्हणून कळवू’ असे लेखी हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. शाखाधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरले आणि त्याची बदली झाली, की नवा अधिकारी पत्र दाखवा म्हणतो. शेरा बदलला तरी जुन्या थकलेल्या हप्त्यांचा महिनावार तपशील रिपोर्टमध्ये दिसत राहतो, हेही लक्षात ठेवा. तरीसुद्धा रक्कम झेपणारी असेल तर ती भरावी, असे माझे मत आहे. मुलीच्या शैक्षणिक कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल, तेव्हाही हाच रिपोर्ट पाहिला जाणार आहे.

प्रश्न : गृहकर्जाची तडजोड पूर्ण होऊन तीन महिने झाले. मूळ कागदपत्रे ‘सेंट्रल स्टोअरेजमधून येत आहेत’ एवढेच उत्तर मिळते. दुसरी बँक मूळ करारनाम्याशिवाय पुढे जात नाही. (सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : इथे नियम स्पष्टपणे तुमच्या बाजूने आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फेडल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा काढणे बँकांवर, नागरी सहकारी बँकांवर, गृहवित्त कंपन्यांवर आणि (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या) मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला असेल, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद गहाळ झाले असतील, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात आणि भरपाई ६० दिवसांनंतर सुरू होते.

शाखेत चकरा मारणे बंद करा. शेवटची रक्कम भरल्याची तारीख, खाते क्रमांक आणि या नियमाचा उल्लेख करून बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. ‘प्रतिदिन ५,००० रुपये’ हे शब्द पहिल्याच ईमेलमध्ये असले, की सेंट्रल स्टोअरेजमधले पाकीट लवकर सापडते.

कागद ताब्यात घेताना घाईने सही करू नका. कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदपत्रांची यादी सोबत न्या आणि एकेक कागद ताडून पाहा : बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करारनामे, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा), सोसायटीचे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट). मधलाच एखादा करारनामा हरवलेला असतो आणि पोच दिल्यानंतर तो आपल्याकडूनच हरवला असे धरले जाते.

कागद मिळाले म्हणजे घर मोकळे झाले, असे मात्र समजू नका. केंद्र सरकारच्या ‘सरसाई’ या नोंदवहीत बँकेने तारणाची नोंद केलेली असते. कर्ज मिटल्यावर ती काढायचे काम बँकेचेच आहे, पण ते राहून जाते आणि नव्या बँकेच्या वकिलाने शोध घेतला की जुना बोजा जिवंत दिसतो. सरसाईवर थोडे शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो, तो अर्ज करण्याआधी स्वतः घ्या. नोंदणीकृत गहाणखत केले असेल, तर गहाणमुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. सोसायटीने भागप्रमाणपत्रावर किंवा रजिस्टरात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. बेबाकीचे पत्र (काही येणे बाकी नाही असा दाखला) देऊन तोही काढून घ्या. तुमचे कर्ज मध्येच पुनर्रचना कंपनीला विकले गेले असेल, तर बेबाकीचे पत्र त्या कंपनीचे लागते, मूळ बँकेचे चालत नाही.

प्रश्न : पतसंस्थेचे कर्ज तडजोडीने फेडले. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र तसाच आहे. घर त्याच गटात आहे. त्यावर बँकेचे कर्ज मिळेल का? (कराड तालुका)

उत्तर : वरचा ५,००० रुपयांचा नियम पतसंस्थेला लागू नाही, कारण पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नाही, सहकार खात्याचे नियंत्रण असते. पतसंस्था टाळाटाळ करत असेल, तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करा.

पतसंस्थेकडून दोन कागद घ्या : बेबाकी दाखला आणि तलाठ्याच्या नावाने बोजा कमी करण्याचे पत्र. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. या पत्रातला गट क्रमांक, रक्कम आणि बोजा चढवतानाचा फेरफार क्रमांक सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्याशी अक्षरशः जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तरी नोंद रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. फेरफार धरला की हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

दोन ठिकाणी फसायला होते. कर्ज घेतल्यानंतर गटाचे पोटहिस्से पडले असतील, तर बोजा प्रत्येक हिश्श्याच्या सातबाऱ्यावर उतरलेला असतो; पत्रात सगळे हिस्से लिहून घ्या. शिवाय पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून जप्ती लावली असेल, तर कर्जाचा बोजा आणि जप्तीचा बोजा अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. जप्ती उठवण्याचे पत्र वसुली अधिकाऱ्याकडून वेगळे आणावे लागते.

आता मूळ प्रश्न. जमीन शेतीची असेल, तर तारण म्हणून बँका सहसा तयार होत नाहीत. थकबाकीत मालमत्ता ताब्यात घेण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, हे त्याचे मोठे कारण. घराखालची जागा बिगरशेती असेल किंवा गावठाणात असून स्वामित्व योजनेतून प्रॉपर्टी कार्ड मिळाले असेल, तर शक्यता बरीच वाढते. नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदीच्या उताऱ्यावर) काम होणे अवघड आहे.

प्रश्न : फ्लॅटची बाजारभावाने किंमत ८० लाख. गृहकर्ज १५ लाख शिल्लक. म्हणजे ६५ लाखांचे कर्ज मिळू शकेल ना? एका वैयक्तिक कर्जाची तडजोड तीन वर्षांपूर्वी झाली आहे. (नाशिक)

उत्तर : नाही. मालमत्ता तारण कर्जात बँका साधारण किमतीच्या ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत जातात आणि ती किंमत बँकेच्या मूल्यांककाची असते, एजंटने सांगितलेली नाही. मूल्यांकक कार्पेट क्षेत्र मोजतो. बंदिस्त केलेली बाल्कनी किंवा नकाशात नसलेले बांधकाम धरत नाही. त्याने ७२ लाख लावले आणि बँक ६० टक्के देते असे धरा. हे झाले ४३ लाख २० हजार. त्यातून गृहकर्जाचे १५ लाख वजा केले की २८ लाख २० हजार उरतात.

ही वरची मर्यादा झाली. खरी कात्री उत्पन्नाची आहे. सगळे हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास बसले पाहिजेत. १० टक्के दराने १५ वर्षांसाठी २० लाख घेतले, तर हप्ता सुमारे २१,५०० रुपये आणि एकूण व्याज १८ लाख ७० हजारांच्या आसपास जाते. तेच १० वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे २६,४०० आणि व्याज पावणेबारा लाखांच्या आत. महिन्याला पाच हजार जास्त झेपत असतील, तर सात लाख वाचतात.

तडजोडीची नोंद असल्याने दर थोडा चढा लागू शकतो. म्हणून मंजुरीपत्रासोबत मिळणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नीट वाचा. प्रक्रिया शुल्क, विमा, वकील आणि मूल्यांककाचा खर्च धरून येणारा वार्षिक दर त्यात दिलेला असतो. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करा. आणि एक सांगतोच : आधीचे कर्ज विनातारण होते, त्याच्या वसुलीत घर थेट हाती लागत नव्हते. हे थकले तर घरावरच येते. गाडी, लग्नाचा समारंभ किंवा शेअर बाजार यासाठी हे कर्ज घेऊ नका.

प्रश्न : आमचे वय ७१ आणि ६६. मुलाच्या धंद्यासाठी आमचा फ्लॅट तारण होता, ते कर्ज तडजोडीने मिटून कागद परत मिळाले. पेन्शन तुटपुंजी आहे. घर न विकता महिन्याला काही रक्कम मिळेल का? (ठाणे)

उत्तर : तुमच्यासाठी ‘रिव्हर्स मॉर्टगेज’ विचारात घेण्यासारखे आहे. यात घर तारण ठेवून तुम्ही तिथेच राहता आणि बँक तुम्हाला ठरावीक रक्कम देत राहते. कर्जदार ६० वर्षांपुढचा, पती-पत्नी एकत्र असल्यास दुसऱ्याचे वय किमान ५५, घर स्वकष्टार्जित, स्वतः राहते आणि बोजामुक्त अशा त्याच्या अटी आहेत. बँक दरमहा, तिमाही किंवा काही भाग एकरकमी देते, मुदत कमाल २० वर्षे. हयातीत हप्ता भरायचा नसतो, त्यामुळे उत्पन्नाचा प्रश्न येत नाही. मिळणाऱ्या रकमेवर आयकर नाही.

मुदत संपल्यावर पैसे येणे थांबते, पण दोघांपैकी एक जण हयात आणि त्या घरात राहत असेपर्यंत घर सोडावे लागत नाही. नंतर वारस व्याजासह रक्कम भरून घर सोडवू शकतात. नाहीतर बँक विकून आपले येणे घेते आणि उरलेले वारसांना देते. घरपट्टी, विमा आणि डागडुजी मात्र तुमच्याकडेच राहते.

अर्जाआधी तुम्ही दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढा. मुलाच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर तेच खाते तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसते. सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील, तर तो करार होऊन नवा फ्लॅट ताब्यात येईपर्यंत थांबलेले बरे, कारण पाडायच्या इमारतीतल्या घरावर बँक हे कर्ज देणार नाही. आणि मुलाला हे आधीच सांगा, कारण घर सोडवायचे की विकू द्यायचे हे पुढे त्यालाच ठरवायचे आहे.

प्रश्न : एक एजंट १५,००० रुपयांत ‘सेटल्ड’ शेरा पुसून देतो म्हणतो. द्यावेत का? (वाशी)

उत्तर : देऊ नका. खरी नोंद फक्त कर्ज देणारी संस्थाच बदलू शकते. ब्युरो स्वतःहून बदलत नाही, एजंट तर नाहीच. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. एजंटला आधार, पॅन आणि ओटीपी दिला असेल, तर आजच चारही रिपोर्ट काढून तुमच्या नावाने एखादे नवे कर्ज उघडले आहे का ते पाहा.