‘वादां’चा तक्ता भिंतीला लावला, आता पुढे काय?

पत्र : मी कराडची, बारावी कला शाखेत आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला बी श्रेणी मिळाली. हात बरा आहे, पण चित्रकार होण्याइतका नाही, हे मला कळतं. चित्रं बघायला आणि त्यांच्याबद्दल वाचायला मात्र मनापासून आवडतं. पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकायचा आहे. प्रबोधनकाळापासून पॉप आर्टपर्यंतच्या चळवळींचा, म्हणजे निरनिराळ्या ‘वादां’चा, सनावळीसकट तक्ता करून भिंतीला लावलाय, तरी गोंधळ होतोच. उदाहरणार्थ, गोयाला कुठल्या रकान्यात टाकायचं? चित्रकार न होता हा विषय शिकता येतो का? बाबा विचारतात, यात पोटापाण्याचं काय?

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

गोया एका रकान्यात बसत नाही, आणि ते तुला खटकलं याचा मला फार आनंद झाला. ज्याला हे खटकत नाही त्याने हा विषय घेऊ नये, असं मी नेहमी सांगतो.

स्पेनचा हा चित्रकार, काळ १७४६ ते १८२८. तरुणपणी तो स्पेनच्या राजवाड्यांत टांगायच्या विणलेल्या भिंतपडद्यांसाठी सहली, खेळ, पतंग उडवणारी माणसं अशी हलकीफुलकी, रोकोको (अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी शैली) वळणाची चित्रं करत होता. मग तो राजदरबाराचा चित्रकार झाला. पुढे नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये शिरलं, आणि १८१४ साली त्याने ‘३ मे १८०८’ रंगवलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते मोठं करून बघ. उजवीकडे बंदुका रोखलेल्या सैनिकांची रांग आहे, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा दिसत नाही. जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाचा सगळा उजेड पांढरा सदरा घातलेल्या, हात वर केलेल्या एका साध्या माणसावर पडलाय. त्याच्या पायाशी आधी मारलेल्यांची प्रेतं आहेत. तोवर युद्धाच्या चित्रात बहुधा सेनापती असायचा आणि विजय असायचा. इथे मरणारा माणूसच मध्यभागी आहे. तू याला स्वच्छंदतावादात (रोमँटिसिझममध्ये) टाक, वास्तववादाची चाहूल म्हण, दोन्ही चालेल. पण परीक्षकाला किंवा पुढे नोकरी देणाऱ्याला तुझ्याकडून हवं असतं ते हे वर्णन, आणि हा बदल त्याच वेळी का झाला याचं उत्तर.

तक्ता फाडू नकोस. फक्त त्यात दोन रकाने वाढव : चित्राचे पैसे कोण देत होतं, आणि ते कुठे टांगलं जाणार होतं. मग सनावळीत जीव येतो. सतराव्या शतकाचंच घे. मार्टिन ल्यूथरच्या बंडातून प्रोटेस्टंट पंथ निघाला, त्यातल्या अनेकांचा चर्चमधल्या प्रतिमांना विरोध होता. त्यानंतर ट्रेंटच्या धर्मपरिषदेत (१५४५ ते १५६३) कॅथलिक चर्चने प्रतिमांची बाजू उचलून धरली. त्यांना बघणाऱ्याच्या मनाला हात घालणारी कला हवी होती. रोमच्या एका चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६००च्या सुमारास संत मॅथ्यू रंगवला, तो नाणी मोजत टेबलाशी बसलेल्या टोळक्यात, वरून तिरका उजेड आलेला. बरोक तो हा. त्याच शतकात प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चच्या भिंती कोऱ्या राहिल्या, आणि व्यापारी आपल्या घरासाठी छोटी चित्रं बाजारातून विकत घेऊ लागले : बंदरं, ढगाळ आभाळ, अर्धवट सोललेलं लिंबू, पत्र वाचणारी बाई. शतक एकच, पण गिऱ्हाईक बदललं तसं चित्र बदललं.

यातला बरोक बघायला तुला इटलीला जावं लागणार नाही. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकामध्ये संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांची, १६३७च्या आसपासची. तिच्याखालचा रंगीत संगमरवरी चौथरा मात्र थेट फ्लॉरेन्सहून आलेला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक, तिसरा कोझिमो दे मेदिची याने तो भेट दिला, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने केला आणि १६९८ साली तो इथे उभा राहिला. त्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले ब्राँझचे चार फलक आहेत. बहुतेक लोक वर पेटीकडे बघत पुढे सरकतात. तू खाली बघ, आणि त्या फलकांतली माणसं किती दाटीवाटीने, किती हालचालीत दाखवलीत ते वहीत उतरव. हात बी श्रेणीचा असला तरी चालेल. कलेच्या इतिहासकाराचं रेखाटन डोळ्याला शिस्त लावण्यासाठी असतं.

गोव्याआधी औंध गाठ, ते तर तुझ्या जिल्ह्यातच आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांच्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि चक्क हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘माता आणि बालक’ हे शिल्पही आहे. मोबाइलच्या पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. समोर उभं राहिलं की आकार म्हणजे काय ते कळतं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येण्याआधी थोडं पॅरिसला जाऊ. कारण ज्या गॅलरीत किंवा लिलावगृहात तुला उद्या काम मिळू शकतं, तिथल्या व्यवहाराचं एक मोठं मूळ दृक्‌प्रत्ययवादाच्या (इम्प्रेशनिझमच्या) गोष्टीत आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चित्रकाराचं नशीब ‘सालों’ या सरकारमान्य प्रदर्शनाच्या निवड समितीच्या हातात असे. समितीने चित्र घेतलं तर नाव, पदक आणि गिऱ्हाईक. नाही तर काही नाही. १८६३ साली समितीने इतकी चित्रं नाकारली की ओरड झाली, आणि तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला सांगितलं. माने याचं गवतावरच्या न्याहारीचं चित्र, ज्यात सूटबूट घातलेल्या पुरुषांबरोबर एक नग्न स्त्री थेट आपल्याकडे बघते, ते तिथेच लागलं. मोने, पिसारो, रन्वार, दगा, बर्थ मोरिझो यांनी पुढे समितीचा नादच सोडला. १५ एप्रिल १८७४ रोजी त्यांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. हेच ते दृक्‌प्रत्ययवादी.

हे तेव्हाच का जमलं? १८४१ मध्ये जॉन रँड याने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं होतं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचे. ती फुटायची, रंग वाळायचे. ट्यूब खिशात टाकून, आगगाडीत बसून, नदीकाठी दिवसभर रंगवून संध्याकाळी परत येता येऊ लागलं. जपानी छापचित्रं पॅरिसमध्ये पोचली होती. कडेला कापलेल्या आकृती, सपाट रंग या मंडळींनी त्यांतून उचलले. आणि पोल द्युरां-र्‍युएल नावाचा एक विक्रेता होता, जो यांची चित्रं एकगठ्ठा विकत घ्यायचा, एकेका चित्रकाराचं स्वतंत्र प्रदर्शन भरवायचा. १८८६ मध्ये त्याने ती न्यूयॉर्कला नेली आणि तिथे गिऱ्हाईक मिळवलं. निवड समितीची सत्ता हळूहळू विक्रेता, समीक्षक आणि संग्राहक यांच्याकडे सरकली. घनवाद (क्युबिझम), अतिवास्तववाद (सरिअलिझम), पोलॉकपासून वॉरहॉलपर्यंतची अमेरिकन मंडळी, सगळी याच नव्या व्यवस्थेत वाढली. त्यांचा तपशील सध्या बाजूला ठेवलास तरी चालेल.

आपल्याकडे मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं आणि पुढे तिथे प्लॅस्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून हात घटवणं चाले. म्हणजे ज्या शिस्तीशी पॅरिसचे तरुण भांडत होते, तीच इथे नव्याने रुजत होती. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट काढला, त्यामागे हा सगळा साठलेला हिशेब आहे. म्हणून माझा आग्रह असा की, फक्त पाश्चात्त्य कला शिकायची असं ठरवू नकोस. भारतात निव्वळ त्यावर नोकरी मिळणं अवघड आहे. पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही पक्कं असलेल्या माणसाला मात्र जागा आहे. रेम्ब्रांटने उतारवयाकडे झुकताना मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली होती, हे दोन्हीकडचं माहीत असलेलाच नीट समजावू शकतो.

शिक्षणाचे रस्ते. चित्रकार न होता शिकता येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पदवीपासून तिथे हा विषय घेता येतो. तुझ्यासाठी माझी पहिली पसंती तीच. शांतिनिकेतनच्या कलाभवनातही हा विभाग आहे. दोन्हीकडे प्रवेशाच्या अटी आणि चाचण्या असतात, त्या यंदाच्या माहितीपत्रकातूनच बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. दुसरा रस्ता : पुण्यात किंवा कराडलाच इतिहास किंवा इंग्रजी घेऊन बी. ए. करायचं आणि एम. ए. ला वळायचं. दिल्लीत जेएनयूमध्ये कला आणि सौंदर्यशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा (स्कूल) आहे, आणि नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत कलेतिहास, संग्रहालयशास्त्र आणि जतन-संवर्धन हे तीन अभ्यासक्रम आहेत. घरचा खर्च बेताचा असेल तर हा दुसरा रस्ता कमीपणाचा अजिबात नाही. फक्त त्या तीन वर्षांत फ्रेंच किंवा जर्मन शिक. मूळ कागदपत्रं वाचता येणारी माणसं फार थोडी आहेत.

पुढचा भाग बाबांना वाचून दाखव.

साहेब, इंजिनिअरिंगसारखी कॅम्पस मुलाखत इथे नसते. सुरुवातीची काही वर्षं पगार कमी असतो आणि बहुतेक काम मुंबई, दिल्ली, बडोदा, बंगळूर अशा शहरांत आहे; मुलीला घर सोडावं लागेल. कामं मात्र खरी आहेत. संग्रहालयात वस्तूंची नोंद, प्रदर्शनाची मांडणी. मुंबईच्या लिलावगृहांत आणि गॅलऱ्यांमध्ये सूचीलेखन, आणि चित्र आजवर कुणाकुणाच्या हातांतून गेलं याचा माग काढणं. बनावट चित्रांचा सुळसुळाट असल्यामुळे या कामाला मोल आहे. कलामहाविद्यालयात शिकवायचं तर एम. ए. नंतर नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, तिथे दृश्यकला हा विषय आहे आणि कलेतिहास त्यात येतो. सरकारी संग्रहालयांच्या जागा थोड्या निघतात आणि त्यांना संग्रहालयशास्त्राची पात्रता बहुधा लागते, म्हणून ती पदविका जोडीला हवीच. जतन-संवर्धनात मागणी बरी आहे, पण त्याला रसायनशास्त्राची बैठक लागते, तेव्हा कला शाखेतून तिकडे वळणं कठीण जाईल. मुलीला आपला हात किती चालतो ते स्वतःहून कळलंय आणि तरी आवड टिकून आहे. माझ्या अनुभवात अशी मुलं या क्षेत्रात तग धरतात.

आणि तुला एक काम. आम्स्टरडॅमच्या राईक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर चित्रं मोठ्या आकारात मोफत मिळतात. एक निवड. अर्धा तास फक्त बघ, मग तीनशे शब्द मराठीत लिही : नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे सरकली, उजेड कुठून येतो, कोण कुणाकडे बघतंय. ‘वाद’ हा शब्द एकदाही येता कामा नये. दुसऱ्या पानावर चित्राचं माप, साल, कुणासाठी केलं, मूळ कुठे होतं. मराठीत या विषयावर नीट लिहिणारे फार कमी आहेत, त्यामुळे हा सराव पुढे पोटालाही उपयोगी पडेल. असे तीन लेख बारावीची परीक्षा संपली की मला पाठव. ते वाचून बडोद्याचा अर्ज भरायचा की आधी बी. ए. करायचं, ते बाबांना सोबत घेऊन आपण ठरवू.