मियामी, मायामी की म्यामिया?

प्रश्न असा आला आहे: ‘फ्लोरिडातल्या शहराचं नाव मियामी लिहायचं की मायामी? आणि ते नाव अमेरिकेतल्या मियामी जमातीवरून पडलं ना?’

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. नाही. फ्लोरिडात ओकिचोबी नावाचं विस्तीर्ण सरोवर आहे. त्याला पूर्वी मायाइमी म्हणत आणि काठच्या लोकांनाही तेच नाव होतं. तिथून ते नदीला आणि नदीवरून शहराला मिळालं. १८९६ साली वसलेल्या या शहराचा त्या जमातीशी संबंध नाही.

जमात तिथून दीड हजार किलोमीटरांहून लांब, उत्तरेला, आजच्या इंडियाना-ओहायोतल्या वाबाश नदीच्या खोऱ्यातली. तिचं स्वतःचं नाव म्यामिया, अनेकवचन म्यामियाकी. अर्थ सांगतात ‘प्रवाहाच्या खालच्या अंगाचे लोक’. कोकणात वलाटी-खालाटी (वरचा मुलूख, खालचा मुलूख) म्हणणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. ओहायोतली मॉमी नदी हे याच नावाचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं रूप. शिकागोही याच भाषेकुळीतलं: ‘शिकाक्वा’ म्हणजे स्कंक, तो दुर्गंध सोडणारा प्राणी, आणि त्याच नावाची कांद्याच्या जातीची एक रानभाजीही. एवढ्या मोठ्या शहराचं नाव असं, म्हणजे गंमतच.

लिखाणाचं म्हणाल तर इंग्रजी उच्चार ‘मायॅमी’च्या जवळचा, म्हणून शहरासाठी ‘मायामी’ बरं. मात्र आपण इंग्रजी स्पेलिंग बघून जे ‘मियामी’ लिहीत आलो, ते चुकून जमातीच्या मूळ उच्चाराच्या जवळ जातं! म्हणून शहर मायामी, लोक म्यामिया, असं मी लिहितो. ओक्लाहोमातलं मायामी नावाचं छोटं शहर मात्र खरोखर या लोकांच्या नावाचं. तिथले जुने लोक त्याचा उच्चार ‘मायामा’ करतात.

पण ते इंडियानाहून ओक्लाहोमाला गेले कसे? स्वखुशीने नाही. १७९१ मध्ये ‘छोटा कासव’ या सरदाराच्या नेतृत्वाखाली म्यामिया आणि त्यांच्या मित्र जमातींनी अमेरिकन सैन्याचा दारुण पराभव केला होता. पुढे करारांवर करार होत जमीन गेली. ऑक्टोबर १८४६ मध्ये तीनशेहून अधिक माणसं कालव्यातल्या बोटींत चढवून कॅन्ससकडे रवाना केली गेली. तिथूनही पुढे त्यांना हलवलं. काही कुटुंबं इंडियानातच राहिली. त्यामुळे आज समाज दोन ठिकाणी आहे: ओक्लाहोमातल्या गटाला केंद्र सरकारची मान्यता आहे, इंडियानातल्यांची १८९७ मध्ये काढून घेतली गेली.

या प्रश्नाच्या निमित्ताने आणखी एक शब्द मला छळतो. १९६०च्या दशकात म्यामिया बोलणारं शेवटचं माणूस गेलं, आणि अभ्यासकांनी भाषेला ‘मृत’ म्हटलं. त्या लोकांना हा शब्द मान्य नाही. ते म्हणतात, भाषा निजली होती. हे काव्य समजू नका. जेझुइट धर्मोपदेशकांच्या जुन्या शब्दसंग्रहांत, वह्यांत ती पडून होती. डेव्हिड कोस्टा या भाषाशास्त्रज्ञाने ती कागदपत्रं चाळून १९९४ मध्ये व्याकरणावर प्रबंध लिहिला. डॅरिल बाल्डविन या म्यामिया माणसाने ते व्याकरण घरात आणलं आणि पोरांशी त्याच भाषेत बोलायला सुरुवात केली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात २००१ पासून ही भाषा पुन्हा बोलती करण्याचा प्रकल्प चालू आहे. हे तेच विद्यापीठ, ज्याने जमातीच्या सांगण्यावरून १९९७ मध्ये खेळाडूंच्या संघाचं ‘रेडस्किन्स’ (लाल कातडीचे) हे नाव टाकलं. आपणही ‘रेड इंडियन’ लिहिणं सोडायला हरकत नसावी.

त्यांचा नमस्कार ‘अया’ आहे. आपल्या ‘अय्या’शी गल्लत करू नका.