आधी पायवाट, मग इमारत

नव्या वसाहतीच्या आराखड्याला हात लावण्याआधी जागेवर जा. जुन्या कुंपणाला पडलेलं भगदाड, गवतात उमटलेली पायवाट बघा. लोकांना कुठून जायचंय ते तिथेच कळतं. इमारती आखण्याआधी याच वाटा राखून ठेवा, नंतर त्या मिळत नाहीत.

पदपथ 2 मीटर मोकळा हवा, म्हणजे खांब, झाडांची आळी, विजेचे डीपी बॉक्स वगळून. कागदावर रुंद दिसणाऱ्या पदपथावर व्हीलचेअर अडते ती यांच्यामुळेच. दोन्ही दिशांच्या सायकलमार्गाला 3 मीटर धरा, शेजारी पार्किंग असेल तर गाड्यांची दारं उघडायला वेगळी पट्टी सोडा.

गल्लीच्या तोंडाशी पदपथ खाली उतरवू नका. त्याच पातळीवर पुढे न्या, गाडीच चढून येऊ दे. पहिलं कुटुंब राहायला येईल त्या दिवशी बसथांब्यापर्यंतची वाट तयार पाहिजे, बाकीचं बांधकाम चालू असलं तरी.