ऑपरेशननंतर सासूबाई अचानक बरळू लागल्या. हा स्मृतिभ्रंश आहे का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या रात्रीपासून त्या बरळतात, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, पण सकाळी बऱ्याच ताळ्यावर असतात. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असा दोन-तीन दिवसांत येत नाही. तो महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हे वर्णन डिलिरियमचं, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळाचं आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा शरीरातला काहीतरी बिघाड असतो. डॉक्टरांना आजच स्पष्ट सांगा, "चार दिवसांपूर्वी त्या अशा नव्हत्या." त्यांनी सासूबाईंना आधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ही माहिती तुमच्याकडूनच मिळू शकते.

खरा फरक लक्ष टिकण्यात दिसतो. त्यांना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणूस सकाळी काय खाल्लं ते विसरतो, पण वार सावकाश का होईना म्हणतो. डिलिरियममध्ये शुक्रवारपाशीच अडकायला होतं, नजर छताकडे जाते, काय विचारलं होतं तेच निसटतं. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा विचारून लिहून ठेवा. (लुई बॉडी प्रकारच्या डिमेन्शियातही असे चढउतार आणि भास असतात, पण तेही आधीपासून चाललेले असतात.)

गोंधळ घालणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. दिवसभर झोपाळू, गप्प, घास तोंडात तसाच धरून बसलेला रुग्णही डिलिरियममध्ये असू शकतो, आणि "दमल्यात, झोपू द्या" म्हणून नेमका तोच राहून जातो.

कारण बहुधा एक नसतं, चार एकत्र येतात: न शमलेली वेदना, न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग, कमी पाणी, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातली साखर किंवा ऑक्सिजन कमी होणं. सोडियम जरूर पाहायला सांगा. ते १३५ ते १४५ हवं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः थायाझाइडने, ते उतरतं. औषधांची पूर्ण यादी दाखवा: अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, सर्दी-खाजेच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन, नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर देतात ते अॅमिट्रिप्टिलिन. मात्र रोजची झोपेची गोळी एकदम तोडली तरी डिलिरियम होतो, म्हणून स्वतःहून काही बंद करू नका. दारूची सवय असेल तर लाज न बाळगता सांगा.

तोवर चष्मा, कानाचं यंत्र, कवळी परत द्या. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा, जवळ ओळखीचं एकच माणूस. भासांवर वाद घालू नका. हात बांधल्याने बेचैनी वाढते. लघवीची नळी अजून गरजेची आहे का, हे रोज विचारा.

कारण सापडून उपचार झाले तरी पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. स्मृतीची चाचणी त्यानंतरच करा. ऑपरेशनआधीच पैशांचे हिशेब चुकत होते का, नेहमीची भाजी बिघडत होती का, हे आठवून ठेवा. डिमेन्शिया असलेल्यांनाच डिलिरियमचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्रही असू शकतात.