सही करू की नको?

प्रश्न: चाकणच्या आमच्या कारखान्यात युनियन बांधायचं चाललंय. प्लँट हेड रोज लाइनवर येतात, खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "अडचण थेट मला सांगा, मध्ये तिसरा कशाला?" बाहेरचे पुढारी म्हणतात, "अर्जावर सही करा, बाकी माझ्यावर सोडा." दोघांचंही पटतं. कुणाचं ऐकू?
– एक वाचक

उत्तर: दोघंही तुम्हाला एकच सांगताहेत, 'माझ्यावर सोडा'. मला भीती त्याचीच वाटते.

१९८२ मध्ये मी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, बदली कामगार होतो; कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी काम मिळायचं. आई लालबागला खाणावळ चालवायची. आदल्या दिवाळीपासून बोनसवरून गिरण्या धुमसत होत्या. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि त्यांच्यावर आमचा विश्वास उरलेला नव्हता. म्हणून माणसं आपल्या पायांनी घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेली. पुढारी आम्ही आणला होता. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले.

आईच्या उधारीच्या वहीत वीस नावं होती. शिमग्यापर्यंत बहुतेकांच्या पुढे तिने लिहिलं होतं, 'गावी गेला'. बाकीचा रकाना कोराच. पुढेही तिने त्यातलं एक नाव खोडलं नाही.

डॉक्टरांना मी तेव्हा बोल लावला नाही, आजही लावणार नाही. पण किती पदरात पडलं की कामावर जायचं, हे गेटसभेत आम्ही कधी विचारलंच नाही. मी तर पुढच्या रांगेत असायचो. तो संप मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही.

तुम्ही सही करा. युनियनमध्ये जायचा हक्क कायद्याने दिलाय, त्यापायी कुणी धमकावलं तर ती अनुचित कामगार प्रथा ठरते. पण कमिटीत तुमच्या लाइनवरचा माणूस हवाच. वर्गणीची पावती मागा. कराराचा मसुदा सह्या होण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवायचा, हे पुढाऱ्यांकडून आजच कबूल करून घ्या. आणि प्लँट हेड खरोखर चांगले असतील, तर जे तोंडी सांगतात ते कागदावरही देतील.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुमच्या पत्रात कंत्राटी पोरांचा उल्लेखच नाही. संपात आम्हा बदलीवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या बैठकीला त्यांना बोलवा.