हेलिकॉप्टरचा शोध नक्की कोणी लावला: कॉर्नू की सिकोर्स्की?

‘शोध’ कशाला म्हणायचं, त्यावर उत्तर ठरतं.

१३ नोव्हेंबर १९०७ रोजी फ्रान्समध्ये नॉर्मंडीत पॉल कॉर्नूचं यंत्र माणसासकट जमिनीवरून उचललं गेलं, असा जुना दावा आहे. इंजिन २४ अश्वशक्तीचं, सुमारे ६ मीटर व्यासाचे दोन रोटर (फिरणाऱ्या पात्यांचे पंखे), उंची जेमतेम फूटभर. पण पुढे गणित मांडल्यावर एवढ्या ताकदीत ते वजन उचलणं जवळपास अशक्य दिसलं. त्यात ताकद पट्ट्यांनी रोटरपर्यंत जायची आणि पट्टे घसरायचे. त्यामुळे मला हा दावा कच्चा वाटतो. त्याच वर्षी फ्रान्समध्येच ब्रेगे आणि रिशे यांचं यंत्र उचललं खरं, पण चौघांनी चार कोपऱ्यांना धरून ठेवलेलं; त्याला उड्डाण कसलं म्हणायचं?

खरी अडचण ताब्याची होती. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यावर चालून जातं, तिथे उचल वाढते; दुसऱ्या बाजूला घटते आणि यंत्र कलंडतं. स्पॅनिश अभियंता सिएर्व्हाने ऑटोजायरोची (ज्याचा रोटर इंजिनाने नव्हे, वाऱ्याने फिरतो असं विमान) पाती वर-खाली हलतील अशी बिजागरीवर बसवून हे सोडवलं. पूर्ण ताब्यात उडालेलं पहिलं हेलिकॉप्टर म्हणून माझं मत जर्मनीच्या फोक-वुल्फ एफडब्ल्यू ६१ ला (१९३६). अमेरिकेत सिकोर्स्कीचं व्हीएस-३०० हेलिकॉप्टर दोऱ्यांना बांधून उचललं गेलं ते १९३९ मध्ये, मोकळं उडालं १९४० मध्ये. मात्र वर एक मोठा रोटर आणि शेपटीला छोटा, ही आजची रूढ मांडणी चालवून दाखवली त्यानेच.